दुसऱ्या मजल्यावरची आग आणि माझे २१४ फोटो

गेल्या मार्च महिन्यात ठाण्यात, चरईतल्या आमच्या गल्लीत, मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास एका सदनिकेला आग लागली. त्या रात्री मी काढलेल्या २१४ छायाचित्रांपैकी आज माझ्याकडे ६१ उरली आहेत. बाकीची मी का काढून टाकली, उरलेल्यांपैकी कोणती कुणाच्या कामी आली, आणि ज्यांच्या कामाची ती छायाचित्रे आहेत त्या अग्निशमन दलाच्या जवानांना त्यांत काय दिसले, हे लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. मी व्यावसायिक छायाचित्रकार नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर पक्ष्यांचे फोटो काढण्याच्या नादाने कॅमेरा हाती आला आणि ठाणे खाडीच्या काठाने, येऊरच्या वाटेने फिरत राहिला. पक्षी उडून गेला तर फार तर हळहळ वाटते. आगीसमोर कॅमेरा घेऊन उभे राहिलेल्या माणसाला त्याहून बरेच काही ठरवावे लागते, आणि त्याची मला सवय नव्हती.

चरईतल्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना आमची गल्ली वेगळी रंगवून सांगायला नको. लिफ्ट नसलेल्या चार मजली जुन्या इमारती, प्रत्येक खिडकीतून फूट-दीड फूट बाहेर आलेली लोखंडी ग्रील, त्या ग्रीलमध्ये तुळशीच्या कुंड्या, गुंडाळलेल्या गाद्या आणि घरात न मावणारे सगळे काही, वर केबलच्या वायरींचे जाळे आणि खाली दोन्ही बाजूंना ओळीने लावलेल्या दुचाकी. इमारतींच्या आवारात जागा नाही म्हणून आम्ही सगळेच गाड्या गल्लीत लावतो; माझी स्कूटरही तिथेच असते. आगीचा बंब इथे कसा शिरणार, हा प्रश्न सोसायटीच्या सभेत कुणी तरी दर वर्षी विचारतो आणि चहा आला की तो विषय तिथेच राहतो.

त्या रात्री आधी जाग आली ती पत्नीला, रबर जळल्यासारख्या वासाने. समोरच्या रांगेत, आमच्यापासून दोन इमारती सोडून, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून धूर येत होता. दोन वाजून अकरा मिनिटांनी तिने १०१ लावला. मजला कितवा, आत कुणी अडकले आहे का, गॅस पाइपचा आहे की सिलिंडरचा, गल्लीत कोणत्या बाजूने शिरता येईल, असे मोजके प्रश्न तिला विचारले गेले आणि तिने तलावपाळीच्या बाजूचा रस्ता खोदलेला असल्याचे न विसरता सांगितले. ती हे सगळे बोलत असताना मी कॅमेऱ्याला लेन्स लावत होतो. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

पहिले वीस-पंचवीस फोटो मी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून काढले आणि त्यांतले बहुतेक वाया गेले. कारण तांत्रिक आहे, पण सांगण्यासारखे आहे. रात्रीची काळोखी गल्ली आणि तिच्या मध्यभागी पेटलेली एक खिडकी असे दृश्य समोर आले की कॅमेऱ्याचे मोजमाप फसते. चौकटीचा बहुतेक भाग अंधाराचा असल्याने कॅमेरा त्या अंधाराला उजळायला पाहतो आणि ज्वाळेच्या जागी एक पांढरा, सपाट डाग उरतो. तिच्यातला पिवळा, नारिंगी, तळाशी दिसणारा काळपट लाल, सगळे धुऊन निघते. एक्स्पोजर दीड-दोन टप्पे खाली आणल्यावर ज्वाळेला आकार आला. व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यावर सोडला की तो नारिंगीपणा हा दोष समजून दुरुस्त करतो, म्हणून तो दिवसाच्या उजेडावर पक्का करून ठेवला. एवढे सगळे जमल्यावर ज्वाळांचे चार-पाच चांगले फोटो मिळालेही. दुसऱ्या दिवशी ते पाहताना लक्षात आले की ते कुठलेही असू शकले असते. ज्वाळेला पत्ता नसतो. चरईतल्या खिडकीतून निघालेली आणि दुसऱ्या कुठल्याही शहरातल्या खिडकीतून निघालेली ज्वाळा फोटोत सारखीच दिसते. आगीच्या फोटोंमध्ये ज्वाळेचा फोटो सगळ्यात सहज लक्ष वेधतो आणि सगळ्यात कमी सांगतो, हे माझे त्या रात्रीपासूनचे मत आहे आणि ते बदलण्याचे कारण अजून सापडलेले नाही.

दोन एकवीसला बंब गल्लीच्या तोंडाशी आला. त्याच्यामागे रेस्क्यू वाहन आणि थोड्या वेळाने पाण्याचा मोठा टँकर. बंब आत शिरायला दुचाकींनी अडवले. तोवर महावितरणने त्या बाजूचा वीजपुरवठा बंद केला होता, त्यामुळे बंबाच्या लाल-निळ्या दिव्यांखेरीज उजेड नव्हता. गल्लीतली मुले आणि जवान मिळून एकेक गाडी ढकलून बाजूला घेत होते. एका स्कूटरचे हँडल लॉक होते, ती ढकलता येईना. शेवटी चौघांनी ती उचलून भिंतीला तिरकी लावली. वरून तो फोटो फार चांगला आला: चार पाठी वाकलेल्या, मध्ये ती अडेलतट्टू गाडी, आणि मागे बंबाचा चालक काचेतून मान बाहेर काढून अंतर अजमावतो आहे. लोकांना गाडीचे हँडल लॉक करून निवांत झोपता कसे येते, असे मी त्या वेळी पत्नीला म्हटल्याचे आठवते.

मग मी खाली उतरलो. उतरावे की नाही याचा विचार मी जिन्यात केला, म्हणजे उतरता उतरता केला. खाली गेल्यावर पहिला धडा एका जवानाने दिला. मी पेटलेल्या खिडकीच्या जवळपास खाली, समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा होतो. तो पाण्याचा होज, म्हणजे बंबाची कापडी नळी, ओढत चालला होता, त्याने न थांबताच हाक मारली, "काका, तिथून निघा, काच येते." मी दहा-बारा पावले सरकलो असेन. खिडकीची तावदाने तडकून पडली तेव्हा तुकडे सरळ खाली न येता पत्त्यासारखे तिरके तरंगत गल्लीच्या पलीकडच्या बाजूपर्यंत आले. फोटो काढणाऱ्याला एका डोळ्याने फक्त चौकट दिसते, तिच्या बाहेर काय पडते आहे ते दिसत नाही. जुन्या इमारतीच्या आगीत धोका नुसत्या काचेचा नसतो. मे २०१५ मध्ये मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीची आग विझवताना इमारतीचा भाग कोसळला आणि त्या दुर्घटनेत मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे चार अधिकारी प्राणाला मुकले. ज्यांचा जन्म या कामात गेला त्यांनाही इमारत अशी फसवते, तर हातात कॅमेरा आहे म्हणून मला तिथे उभे राहण्याचा जास्तीचा अधिकार मिळत नाही. यानंतर मी बंबाच्या मागच्या चाकाशी जागा धरली, जिथे होज ओढताना कुणावर माझ्यात अडखळण्याची वेळ येणार नव्हती, आणि जवळचे काही हवे असेल तेव्हा लेन्स वापरली, पाय नाही.

तिथून जे दिसले ते मी आधी कधी नीट पाहिले नव्हते. सपाट, घडी घातलेल्या पट्ट्यासारखा होज जमिनीवर पसरला जातो, एक जण कपलिंग, म्हणजे होजच्या टोकाची जोडणी, बसवून खटका लागल्याचा आवाज ऐकतो, हात वर करतो, पंपापाशी असलेला माणूस पाणी सोडतो, आणि तो पट्टा जिवंत झाल्यासारखा फुगत, वळवळत, स्वतःची जागा करून घेत पुढे जातो. ६३ मिलिमीटर व्यासाचा पंधरा मीटर होज पाण्याने भरला की त्यात जवळपास सत्तेचाळीस किलो पाणी असते. हा हिशेब मी नंतर घरी कागदावर मांडला. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरमध्ये प्रत्येक मजल्याच्या डक्टमध्ये पाण्याची उभी वाहिनी असते आणि होज तिला तिथल्या तिथे जोडता येतो. आमच्याकडे पाणी गल्लीतून, अरुंद जिन्याच्या दोन वळणांवरून, माणसांच्या खांद्यावरूनच वर जाते. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक जण फक्त होज वळवून द्यायला उभा होता. मी त्या वळणांवरच्या माणसांचे फोटो काढायला हवे होते, ते मला सुचले नाही. मी पाहत होतो वर, खिडकीकडे, जिकडे सगळी गल्ली पाहत होती.

आत गेले ते दोघे जण. पाठीवर श्वसनयंत्र, ज्याला ते सगळे 'बीए सेट' म्हणतात. सिलिंडरमधली हवा ३०० बारपर्यंत दाबलेली असते. ती कागदावर अर्धा तास किंवा थोडी अधिक पुरते, पण जिने चढून, होज ओढून, धापा टाकणाऱ्या माणसाला त्याहून पुष्कळ लवकर संपते. दाब पन्नास-पंचावन्न बारवर आला की यंत्राची शिट्टी वाजू लागते. खाली एक जण दोघांची नावे, आत गेल्याची वेळ आणि सिलिंडरचा दाब टिपून घेत होता आणि दर थोड्या वेळाने घड्याळ पाहत होता. हा माणूस माझ्या १४ फोटोंमध्ये आहे. एकाही फोटोत त्याचे तोंड आगीकडे नाही.

फ्लॅश मी दोनदा वापरला आणि मग बंद केला. जवानांच्या कोटावरच्या चंदेरी पट्ट्या उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेने परत पाठवण्यासाठीच केलेल्या असतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडाला की सगळा प्रकाश त्या पट्ट्यांवरून थेट लेन्समध्ये परत येतो. फोटोत माणूस नाहीसा होऊन नुसत्या झगझगीत पट्ट्या हवेत लटकलेल्या दिसतात. धुरातला प्रत्येक कण उजळून समोर पांढरा पडदा उभा राहतो, तो वेगळाच. आणि शिडीवर किंवा जिन्याच्या तोंडाशी असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर अंधारात असा लखलखाट करणे हे फोटो बिघडण्यापेक्षा कितीतरी वाईट. आवाज नको म्हणून कॅमेऱ्याचा मूक शटर लावला तर बंबावरच्या एलईडी दिव्यांनी चौकटीवर आडवे पट्टे उमटले; साधा खटक्याचा शटर लावल्यावर ते गेले. ऑटोफोकस धुरात चाचपडत राहिला, तेव्हा मी दाराच्या चौकटीच्या काठावर हाताने फोकस धरून वाट पाहायला लागलो. माणूस चौकटीत आला की बटण दाबायचे, एवढेच काम उरले. पाण्याची धार सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या शटरला थेंबाथेंबांत गोठते आणि साठाव्या भागाला तिची पांढरी दोरी होते. मला दोरी अधिक आवडली, कारण गल्लीतून पाहणाऱ्याला ती तशीच दिसत होती.

धुराचा रंग बदलताना मी पाहिला आणि सुदैवाने तो क्रम फोटोंतही आला. आधी खिडकीच्या वरच्या भागातून काळा, जाड, जोराने ढकलल्यासारखा बाहेर येणारा धूर होता. गाद्यांचा फोम, प्लास्टिक, पडदे जळतात तेव्हा असा येतो. मग आतून पाण्याचा आवाज आला आणि काही क्षणांत त्याच खिडकीतून पांढुरक्या वाफेचा लोट निघाला. पाण्याची वाफ झाली की तिला जवळपास सतराशेपट जागा लागते आणि ती खोलीतली उष्णता घेऊन बाहेर पडते. गल्लीतल्या लोकांना वाटले आग वाढली, कुणी तरी ओरडलेही. पंपापाशी उभ्या असलेल्या जवानाने मात्र वर पाहून समाधानाने मान हलवली. मध्ये एकदा पाण्याचा दाब पडला. वरून ओरडल्याचा आवाज आला, दोघे जण होजच्या कडेने मागे धावत गेले, आणि थोड्या वेळात सगळे पूर्ववत झाले. काय झाले ते मला त्या वेळी कळले नाही आणि मी चौकशीही केली नाही.

घरातली तीन माणसे आग भडकण्याआधीच जिन्याने खाली आली होती. आजोबा मागच्या खोलीत होते. त्यांना दोन जवानांनी खुर्चीत बसवून खाली आणले. अंगात बनियन, पायजम्याची नाडी सुटलेली, नाकाभोवती काजळी, आणि हात खुर्चीच्या हातावर नाही तर जवानाच्या कोटाच्या कॉलरला घट्ट धरलेला. मी बटण दाबले. तो फोटो त्या रात्रीचा सगळ्यात चांगला फोटो होता. प्रकाश, चेहरा, हात, सगळे जिथे हवे तिथे होते. त्यानंतर मी कॅमेरा खाली घेतला आणि रुग्णवाहिका निघून जाईपर्यंत वर उचलला नाही. घरी आल्यावर, दुसरे काही पाहण्याच्या आधी, तो फोटो मी काढून टाकला. आजोबा मला रोज सकाळी दूध आणताना भेटतात. त्यांच्याकडे पाहताना मला तो फोटो आठवतो, पण निदान दुसऱ्या कुणाला तो दिसणार नाही. ज्याने तोच प्रसंग मोबाइलवर चित्रित केला त्याने तसा विचार केला नाही. सकाळी नऊच्या आत ते चित्रीकरण आमच्या विभागाच्या दोन-तीन व्हॉट्सअॅप समूहांवर फिरत होते, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग होती, आणि आजोबांच्या मुलीला ते तिच्या कार्यालयातल्या सहकाऱ्याकडून आले.

त्याच समूहांवर सिलिंडरचा स्फोट झाल्याची बातमीही फिरत होती. मोठा आवाज झाला होता हे खरे. पण माझ्या फोटोंत जवानाने स्वयंपाकघरातला सिलिंडर दोन्ही हातांनी धरून खाली आणलेला आहे, ओला, लाल, धडधाकट. त्याच्यामागून दुसराही येतो आहे. आवाज बहुधा फवाऱ्याच्या डब्यांचा असावा असे नंतर एका जवानाने सांगितले. डास मारण्याचे, सुगंधाचे असे दाबाचे डबे तापले की बॉम्बसारखे फुटतात, आणि बेडरूमच्या कपाटात त्यांची कमतरता नसते.

तीन वाजून गेल्यावर आग आटोक्यात आली, आणि मग पहाटे पाचपर्यंत कुलिंगचे काम चालले. या दोन तासांचे फोटो काढायला गल्लीत माझ्याशिवाय कुणी नव्हते. गर्दी ज्वाळांबरोबर आली होती आणि त्यांच्याबरोबरच गेली. जळालेली गादी उलटून तिच्या पोटात पाणी मारणे, भिंतीवर हाताचा मागचा भाग टेकवून कुठे अजून ऊब आहे ते पाहणे, छताचा सुटलेला गिलावा काठीने खाली पाडणे, असे ते काम असते. सगळ्यात शेवटी होज रिकामे करतात. एक टोक खांद्यावर घेऊन जवान होजच्या लांबीभर चालत जातो. खांद्यापाशी होज उंच होतो आणि पाणी पुढे पुढे ढकलले जाऊन दुसऱ्या टोकातून वाहून जाते. मग तो जमिनीवर गुंडाळायचा. अशा चालत जाणाऱ्या एका जवानाचे मी सलग सहा फोटो काढले. बंबाच्या दिव्यांचा निळा उजेड, ओली गल्ली, खांद्यावर होज, आणि दुसऱ्या हातात कुणी तरी दिलेला चहाचा कागदी पेला, जो सांडू नये म्हणून तो अंगापासून लांब धरून चालला आहे. मला विचाराल तर ती सहा छायाचित्रे त्या रात्रीची खरी कमाई आहे.

दोन दिवसांनी आमच्या भागाच्या अग्निशमन केंद्रातून निरोप आला की आग सुरू झाल्यावर लगेच काढलेले फोटो असतील तर ते पाहायला मिळावेत. बंब पोहोचतो तोवर आगीने बरेच रूप बदललेले असते. पहिल्या काही मिनिटांत ती कुठल्या खिडकीत होती, धूर कसा होता, हे ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणी एकमेकांशी जुळत नाहीत, फोटो मात्र जुळतात. माझ्या पहिल्याच, फसलेल्या फोटोंत बेडरूमच्या खिडकीचा वरचा कोपरा पेटलेला दिसत होता आणि शेजारची स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण काळी होती. ज्या फोटोंना मी वाया गेलेले म्हणत होतो त्यांचा उपयोग तिथे झाला. अडचण वेळेची होती. पहिल्या फोटोवर २ वाजून ४७ मिनिटे ही वेळ होती, आणि पत्नीने दूरध्वनी केल्याची नोंद २:११ ची. फोटो खरे मानले तर मी छत्तीस मिनिटे आगीकडे पाहत बसलो होतो! उलगडा घरी झाला. दोन वर्षांपूर्वी भूतानला गेलो असताना कॅमेऱ्याचे घड्याळ मी तिथल्या वेळेनुसार अर्धा तास पुढे केले होते आणि परत आल्यावर मागे घेतले नव्हते; वर त्याने स्वतःहून चार मिनिटे कमावली होती. मोबाइलच्या पडद्यावरच्या घड्याळाचा त्याच कॅमेऱ्याने फोटो काढला, दोन्ही वेळांतला फरक चौतीस मिनिटे आला, तो कागदावर लिहून फोटोंसोबत दिला. पहिला फोटो खरोखरचा २:१३ चा होता. पक्ष्यांच्या फोटोंमध्ये हा फरक कधीच कुणाला टोचला नव्हता.

निवडताना मी ६० फोटो ठेवले. हललेले, जास्त उजेडाने जळालेले, एकसारखे असे गेलेच. त्याशिवाय ज्यांत रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर आलेले शेजारी ओळखू येत होते तेही गेले. बाकीचे 'काढून टाकायचे' अशा नावाच्या फोल्डरमध्ये टाकले आणि नेहमीप्रमाणे काढून टाकायचे राहून गेले.

१४ एप्रिलला मी निवडक १२ प्रिंट आणि लॅपटॉप घेऊन केंद्रात गेलो. दिवस मुद्दाम निवडला होता. १९४४ साली याच तारखेला मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकीन' या स्फोटके आणि कापूस भरलेल्या जहाजाला लागलेली आग विझवताना स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. केंद्रात सकाळचा कार्यक्रम आटोपला होता, गाड्या धुऊन ओळीत उभ्या होत्या. प्रिंट टेबलावर मांडल्या आणि सगळे त्यांच्याभोवती जमले. माझी अपेक्षा होती की पहाटेच्या त्या सहा फोटोंचे कौतुक होईल. त्या फोटोंकडे पाहून चहावाला कोण होता यावर थोडी चर्चा झाली, एवढेच. बाकी सगळ्या फोटोंत त्यांनी पाहिले ते असे: याचा हनुवटीचा पट्टा सुटलेला आहे, हा हातमोजा काढून कपलिंगला हात लावतो आहे, शिडी थोडी उभी लागली आहे. सगळ्यात तरुण जवान, जो त्या रात्री आत ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची धार सोडणारी तोटी, धरून होता, त्याला स्वतःचा पट्टा सुटलेला सापडला आणि तो बाकीच्यांना दिसण्याआधी त्याने ती प्रिंट गठ्ठ्यात खाली सरकवली. केंद्र अधिकाऱ्यांनी ती पुन्हा वर काढली.

त्यांना सगळा क्रम वेळेनुसार पाहायचा होता, म्हणून मी लॅपटॉपवर टाकाऊ फोल्डरसह सगळे फोटो लावून दिले. ते भराभर पुढे जात होते. एका फोटोवर थांबले. तो मी बंबामागे उभा असताना, एक्स्पोजर तपासायला गल्लीच्या दिशेने सहज काढलेला होता: काळोख, भिंत, तिला तिरकी टेकलेली एक स्कूटर, आणि तिच्या मागच्या चाकाखाली होज शिरून असा मुडपलेला की चाकाच्या अलीकडे तो टणक फुगलेला आणि पलीकडे मऊ पडलेला. त्यानंतरच्या फोटोत दोघे जण ती स्कूटर उचलत होते. अधिकाऱ्यांनी दोन्ही फोटोंच्या वेळा पाहिल्या.

"पन्नास सेकंद," ते म्हणाले. मग तरुण जवानाकडे वळले. "पाणी गेलं होतं ना तुझं? हे बघ, इथं."

त्याने पडद्याजवळ येऊन पाहिले. "मला वाटलं टाकी संपली, साहेब."

"काका, ही तीच ना, हँडल लॉकवाली? गाडी कुणाची ते कळलं का नंतर?"

त्यांनी फोटो मोठा केला. सीटच्या मागच्या कोपऱ्यावर तपकिरी चिकटपट्टीचे दोन आडवे तुकडे होते. ते मी गेल्या पावसाळ्यात, सीटमध्ये पाणी जाऊ नये म्हणून, स्वतः लावले होते.

"माझी," मी म्हणालो.

कुणी काही बोलले नाही. बाहेर कुणी तरी गाडी धूत होते, त्याच्या बादलीचा आवाज येत होता. मग तरुण जवान म्हणाला, "लॉक मात्र मजबूत आहे तुमचं, काका," आणि एक-दोघे हसले. अधिकारी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नवीन मुलांना शिकवताना दाखवायला हा एक फोटो मोठा करून मिळेल का, असे त्यांनी विचारले, आणि पाहिजे तर गाडीचा नंबर झाकून द्या, असेही सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो टाकाऊ फोल्डरमधून बाहेर काढला, साठाचे एकसष्ट केले, आणि मोठी प्रिंट काढून केंद्रात नेऊन दिली. नंबर झाकला नाही.